लोह्यात आलेला फोन

आमच्या घरात फोन मी उचलते. असं कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप होत गेलं. नांदेडला आमचं मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक घेऊन येतात, हे जुनी तार काढून नवी भरतात. हात कायम वार्निशनं चिकट, त्यामुळं फोन वाजला की हनुवटीनं माझ्याकडं खूण करायची, एवढंच ह्यांना माहीत. गिऱ्हाइकाला परवाची वेळ द्यायची की तेरवाची, कुणाच्या बारशाला जायचं आणि कुणाच्या वास्तुशांतीला नुसतं 'बघतो' म्हणायचं, हे सगळं मीच ठरवून मोकळी व्हायची. ह्यांना विचारायचीही गरज वाटायची नाही. विचारलं तरी 'तू बघ' एवढंच यायचं, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

ह्यांचे चुलते, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, ते त्यावरून मला चिडवायचे. म्हणायचे, देवानं आमच्या पोराच्या वाट्याचं बोलणं पण तुलाच देऊन टाकलंय. मीही ऐकून घेणारी नव्हते. तुमच्या पोराच्या वाट्याचं ऐकणंही मलाच करावं लागतं, असं म्हणायची. मग ते खोकला येईपर्यंत हसायचे.

आबांनीच ह्यांना वाढवलं. सासरे गेले तेव्हा हे आठ वर्षांचे होते आणि ह्यांची बहीण तीन वर्षांची. आबांना स्वतःचे दोन मुलगे होते, पण त्या घरात पोरं मोजताना चार मोजायचे, आणि त्यांत हे थोरले. दहावीनंतर आबांनीच ह्यांना नांदेडला एका मिस्त्रीच्या हाताखाली ठेवलं आणि दोन वर्षं दर आठवड्याला मुखेडकडून एसटीनं भाकऱ्या घेऊन आले. भाकऱ्या द्यायच्या, पोराचे हात उलटेपालटे करून बघायचे, कुठं भाजलंय का, आणि परतीची गाडी धरायची. हे मला ह्यांनी लग्नानंतर पहिल्या महिन्यात सांगितलं होतं. स्वतःबद्दल एका दमात एवढं बोललेले मी ह्यांना पुन्हा फारसं ऐकलं नाही.

बहीण लातूरला दिली होती. ती आजारी पडली आणि सात महिन्यांत गेली. तिच्या मागं एकच मुलगी. त्या मुलीचं लग्न तीन वर्षांनी, मे महिन्यात, लातूरलाच ठरलं.

आमच्याकडं मामाशिवाय नवरी मांडवात येत नाही. मामानं आणलेलं पिवळं पातळ नेसायचं, मामानं हात धरून बोहल्यावर न्यायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत मामानंच मागं उभं राहायचं. मामा नसला तर कुणी चुलतमामा, मानलेला मामा उभा करतात, काम भागतं. पण ह्या पोरीला आई नव्हती. आईच्या बाजूचं म्हणून त्या मांडवात जे एक माणूस असणार होतं, ते हेच. तिनं लग्नाच्या महिनाभर आधीपासून दर दोन दिवसांनी फोन करून मला विचारलं होतं, मामा नक्की येणार ना. मी म्हणायची, अगं, त्यांना मी गाडीत बांधून आणते.

आबा तेव्हा अंथरुणावर होते. हिवाळ्यापासून उठणं बंद झालं होतं. लग्नाच्या चार दिवस आधी आम्ही गावाकडं जाऊन त्यांना भेटून आलो. त्यांना नातीच्या लग्नाची पत्रिका दाखवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, काही दिसलं नसावं, पण पुष्कळ वेळ धरून ठेवली. ह्यांचा पाय तिथून निघेना. तेव्हा आबाच म्हणाले, "जा रे. लगीन उरकून ये. मी कुठं पळून जाऊन राहिलो?"

लग्नाच्या दिवशी आम्ही सहाला निघालो. मुहूर्त बारा चाळीसचा. आमची गाडी जुनी, तिचा एसी नावाला. मी ओले टॉवेल, मठ्ठ्याची बाटली आणि दशम्या घेतल्या होत्या. ह्यांनी गाडी अशी घासून पुसली होती की जणू हिचंच लग्न. पिवळं पातळ मी मागच्या सीटवर दुपट्यात गुंडाळून ठेवलं होतं आणि हे दर पाच मिनिटांनी आरशातून ते आहे का बघत होते. बहीण गेल्यापासून मी ह्यांना इतकं हलकं पाहिलं नव्हतं. रस्त्यानं चक्क गुणगुणले. मी म्हटलं, समोर बघा, नाहीतर मामाची वरात दवाखान्यात निघेल. हे हसले.

लोह्यात चाकातली हवा बघायला थांबलो. हे उतरून दुकानदाराजवळ उकिडवे बसले आणि ह्यांचा फोन माझ्या मांडीवर वाजला. धाकट्या दिराचा होता, म्हणजे आबांच्या धाकट्या मुलाचा.

"वहिनी, आबा गेले. सहाच्या सुमाराला."

काचेतून मला ह्यांची पाठ दिसत होती. नवा शर्ट घामानं चिकटला होता.

"लग्न हाय, ठाऊक हाय मला," तो पुढं म्हणाला. "पण तुम्ही दादाला सांगा. काय करायचं ते दादा ठरवील. दादा आल्याबगर आम्ही उचलत न्हाईत."

मी म्हटलं, "हाव."

एवढाच होकार दिला. माझं त्या दिवसाचं सगळं पाप त्या एका शब्दात आहे, असं मला वाटतं. दुसरं काहीही म्हणता आलं असतं.

लोह्यातून डाव्या हाताला कंधारचा रस्ता फुटतो आणि तोच पुढं मुखेडकडं जातो. आबांचं गाव तिथून सव्वा तासावर. सरळ गेलं की लातूर. ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी गाडी डावीकडं घातली असती, एक क्षणही थांबले नसते. आणि एकदा ऐकलं की सुतक. दहा दिवस देवाला, मंगलकार्याला हात नाही. आमच्या बाजूच्या घरांत नियमच असा आहे की सुतक कानातून लागतं. जोवर कानावर आलं नाही तोवर माणूस मोकळा. म्हणून लग्नघरापासून मरणाची बातमी दाबतात आणि दाबणाऱ्याला कुणी वाईट म्हणत नाही. माझ्या माहेरी तर एका आत्याच्या लग्नात तिच्या आजीच्या जाण्याची गोष्ट आईनं वरात निघेपर्यंत पोटात ठेवली होती. गावातल्या बाया नंतर कितीतरी वर्षं म्हणायच्या, काय काळजाची बाई. मी त्याच कौतुकात वाढले.

म्हणून मी ठरवलं. अक्षता पडेपर्यंत सांगायचं नाही. दीडला सांगायचं, दोनला निघायचं, पाचपर्यंत पोचायचं. मेलेल्या माणसाला थोडं थांबता येतं, मुहूर्ताला नाही येत, असा हिशेब मी त्या पाच मिनिटांत केला आणि तो मला बरोबरही वाटला. दिरानं लग्नघरी फोन केला नसता, याची खात्री होती. ह्यांचा फोन बंद केला, माझाही केला.

हे गाडीत बसले आणि विचारलं, कुणाचा होता. मी म्हटलं, गिऱ्हाइकाचा.

अहमदपूरपर्यंत मी तोंडाला पदर लावून बसले होते. ऊन लागतंय, असं मी म्हटलं. ह्यांनी मठ्ठा पुढं केला. मला रडू येत होतं ते आबांसाठी, आणि ते रडता येत नव्हतं. एकदा वाटलं, सांगून टाकावं. अजून मागं फिरता येईल. मग मागच्या सीटवरचं पातळ दिसलं. चाकूर गेलं, लातूर आलं, आणि सांगायचं राहिलं.

कार्यालयात पोरगी दारातच उभी होती. हळदीच्या अंगानं येऊन ह्यांच्या गळ्यात पडली. मग माझ्याकडं वळली, तेव्हा मी नकळत एक पाऊल मागं सरले. ह्यांच्या कानावर गेलं नव्हतं, पण माझ्या गेलं होतं. माझं सुतक सुरू झालं होतं. तिच्या आत्यानं मला आत बोलावलं, आई नाही तर मामीनंच ओटी भरावी म्हणून. मी म्हटलं, माझी कंबर धरली आहे, खाली बसता येत नाही, तुम्ही भरा. पोरगी माझ्याकडं बघत राहिली. तिला काय वाटलं असेल, हे मी आजही मनात येऊ देत नाही. वराकडच्या दोघी बायका एकमेकींकडं बघून हसल्या. मामीला मान कमी पडला असेल, असं त्यांना वाटलं असणार.

मुहूर्ताला ह्यांनी तिला हात धरून बोहल्यावर आणलं. पातळ तिला फार छान दिसत होतं. हे तिच्या मागं उभे राहिले, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर, आणि पहिल्या मंगलाष्टकापासून शेवटपर्यंत रडले. लोक बघत होते. एक म्हातारा माझ्या शेजारी म्हणाला, असा मामा पाहिजे. मी अक्षता टाकल्या नाहीत, मुठीत धरून ठेवल्या. मला ते दृश्य डोळे भरून बघायचं होतं, कारण त्यासाठीच मी हे केलं होतं, पण माझं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं होतं. गावाकडं उन्हात किती माणसं बसली असतील, हेच डोक्यात.

अक्षता पडल्या. हे गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आले. डोळे सुजलेले, चेहरा मात्र उजळलेला. हे म्हणाले,

"आबाला फोन लाव. त्यांना ऐकू येत न्हाई नीट, पण कानाला लावतील. सांगू दे मला, लागलं लग्न म्हणून."

मी म्हटलं, फोन उतरलाय.

मग तुझा दे, म्हणाले. मी म्हटलं, तोही.

तिथं सांगायला हवं होतं. ठरलेली वेळ तीच होती, आणि त्यांनी स्वतः विचारलं होतं. पण त्या चेहऱ्याला मी ते सांगू शकले नाही. बरं, जाताना भेटूनच जाऊ आबाला, असं म्हणून हे पंगतीत वाढायला गेले. बाहीवर जिलेबीचा पाक सांडला तरी वाढत होते. मी मनाशी म्हटलं, जेवू दे. मग म्हटलं, पोरगी जेवू दे. मग म्हटलं, सासरी जाऊ दे. एकदा दाबलेली गोष्ट बाहेर काढायला प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त जोर लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पोरगी गेली तेव्हा चार वाजले होते. आम्ही गाडीत बसलो. हे चावी लावणार तोच मी म्हटलं, आबा गेले.

ह्यांनी चावी तशीच धरली. मला वाटलं, आत्ताच कुणीतरी सांगितलंय असं ह्यांना वाटेल आणि मीही तसंच वाटू देईन. इतकी मी खाली घसरले होते. पण ह्यांनी विचारलं, कधी कळलं तुला. मी म्हटलं, लोह्यात.

ह्यांनी गाडी सुरू केली. अडीच तासांच्या रस्त्यात एक शब्द बोलले नाहीत. मी बोलत होते. मुहूर्ताचं, सुतकाचं, पोरीचं, माझ्या आईचं, सगळं सांगत होते. मध्येच फोन सुरू केला. धाकट्या दिराचे सतरा फोन येऊन गेले होते. मी तोही आकडा सांगितला, का सांगितला देव जाणे. शिरूर ताजबंदच्या पुढं माझं बोलणं संपलं.

गावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात माणसं बसली होती, बायका आत. आबांना साडेतीनला नेलं होतं. सकाळपासून ठेवलं होतं, मेच्या उन्हात. मुखेडहून बर्फाच्या लाद्या आणल्या होत्या, त्यांचं पाणी अजून ओसरीवर होतं आणि त्यावर भुसा पसरला होता. माझ्या त्या 'हाव'वर हे सगळे आठ-साडेआठ तास थांबले होते. शेवटी म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं, आता ठेवू नये. तेव्हा उचललं.

धाकटा दीर उठला. डोक्यावरचे केस काढले होते. ह्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्याकडं त्यानं एकदाच पाहिलं.

"वहिनीनं सांगितलं न्हाई का तुला?"

सगळं अंगण ऐकत होतं. मी बोलणार होते, खरंच बोलणार होते, पण आयुष्यात पहिल्यांदा हे माझ्या आधी बोलले.

"सांगितलं होतं," हे म्हणाले. "लगेच सांगितलं होतं. मीच आलो न्हाई."

दीर बघत राहिला. मग बाजूला झाला. ह्यांना जायला वाट दिली, पण ती वाट देणं वेगळं होतं. हे तिथूनच मसणवट्याकडं गेले. कुणी बरोबर गेलं नाही. मी ओसरीच्या कडेला उभी होते, आणि आतून काकूंचा, म्हणजे आबांच्या बायकोचा, आवाज येत होता. ती कुणालातरी विचारत होती, थोरला आला का.

दहाव्याला ह्यांना बोलावणं आलं नाही. आपणहून गेले, घाटावर लांब बसले, आपले केस आपण न्हाव्याला सांगून काढून घेतले. पिंडाला हात लावू दिला नाही. घरी आल्यावर मी म्हटलं, मी उद्या जाऊन खरं सांगते, मला सोसवत नाही. तेव्हा हे बोलले. त्या विषयावर तेवढंच.

"तुला ते कधीच माफ करणार न्हाईत. तू सून हायस. मी पोरगा हाय, मला कधी ना कधी करतील."

मी ऐकलं. मला वाटलं होतं, वर्षभरात करतील.

भाची आता आई झाली आहे. सुट्टीत आली की मामाजवळून हलत नाही. तिच्या दिवाणखान्यात लग्नाचा मोठा फोटो आहे, त्यात ती पिवळ्या पातळात आणि मागं हे. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. ओटीचं ती विसरली आहे, किंवा विसरल्याचं दाखवते.

ह्या वर्षी धाकट्या दिराच्या मुलीचं लग्न झालं. आम्हाला पत्रिका आली नाही. मोटार घेऊन आलेल्या गावच्या एका माणसाकडून कळलं. हे तार भरत होते. हात न थांबवता त्याला विचारलं, मुहूर्त कितीचा. तो म्हणाला, सकाळी अकराचा.

लग्नाच्या दिवशी हे दुकानात गेले नाहीत. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसले. मी नऊला त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, चला, गाडी काढा. मी सगळ्यांच्या देखत सांगते, काकूंच्या पाया पडते, मला काय म्हणायचं ते म्हणू द्या. माझी साडीही बदलून झाली होती.

ह्यांनी माझ्या साडीकडं पाहिलं. मग म्हणाले, "आबाच्या दारात उभा राहून मी खोटं बोललो. तू खरं सांगितलंस तर ते घरच्यांना कळंल. ते न्हाई कळू द्यायचं मला."

मी उभीच राहिले. आयुष्यभर ह्यांच्या वतीनं बोलत आले, आणि आता एकच गोष्ट बोलायची होती तर तीही मी स्वतःच बंद करून ठेवली होती. ह्यांनी मला एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडले असते, रडले असते, कधीतरी संपलं असतं. अकरा वाजले तेव्हा हे खुर्चीवरून उठले, दाराकडं, म्हणजे गावाच्या दिशेला, तोंड करून दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहिले आणि मग शर्ट बदलायला आत गेले.